दोन वेळचे जेवण व शेजाऱ्याचे ताट

मनुष्याने आपल्या खाण्यापिण्यावर स्वेच्छेने बंधन घातले, म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या अन्नाविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार वाढतो की कमी होतो? प्रश्न दिसण्यात लहान आहे. परंतु सांप्रत आमच्या भागातील खेड्यापाड्यांत तो घरोघर उभा राहिला आहे, आणि काही सुवार्तिक बंधूंनी तो आमच्यापुढे तोंडी मांडलाही. यास्तव त्यावर येथे काही लिहिण्याचे योजिले आहे.

प्रश्नाचे मूळ एका आहारपद्धतीत आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) हे आपल्या व्याख्यानांतून सांगत असत की, वारंवार खाणे हेच पुष्कळ रोगांचे माहेरघर आहे. लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ह्याच विचाराचा प्रयोग आधी स्वतःवर करून पाहिला व पुढे गावोगाव त्याची व्याख्याने दिली. रीत सोपी आहे. दिवसातून दोनच वेळा, खरी भूक लागेल तेव्हा, जेवावे. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनदुधाचा व बिनसाखरेचा चहा एवढेच घ्यावे. आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. कारण असे सांगतात की, प्रत्येक वेळी काही खाल्ले म्हणजे शरीरात इन्सुलिन नावाचा स्राव होतो, आणि तो दिवसभर वरचेवर होत राहिला तर चरबी साठते व मधुमेहास वाट मिळते. २०१८ च्या सुमारास ही व्याख्याने मोबाईलच्या द्वारे घराघरात पोहोचली. दुसऱ्या बाजूस आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा उपदेश थोडे थोडे व वेळच्या वेळी खात राहावे असा असल्यामुळे, 'दीक्षित की दिवेकर' हा वाद पारापासून लग्नमंडपापर्यंत रंगला. ज्या महाराष्ट्राने शतकानुशतके द्वैत व अद्वैत यांवर वाद घातला, त्यास हाही विषय पुरला ह्यात नवल नाही.

वैद्यकशास्त्राचा निवाडा वैद्यांनी करावा. आम्ही एवढेच सांगून ठेवितो की, गरोदर स्त्रिया, वाढती मुले, आणि मधुमेहावर गोळ्या किंवा सुई चालू असलेली माणसे यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून असले काही आरंभू नये. गोळी घेऊन उपाशी राहिल्याने साखर एकाएकी उतरते व मनुष्य बसल्या जागी कोसळतो. आमच्या मंडळ्यांत साखरेचे दुखणे आता श्रीमंतांपुरते उरलेले नाही, हे दर रविवारी प्रार्थनेकरिता येणाऱ्या विनंत्यांवरून कळते.

आम्ही ही रीत सास्तूर येथे राहून काही महिने पाळीत आहोत. वजन उतरले, गुडघ्याची कुरकुर थांबली, तपासणीतला आकडा खाली आला. हा लाभ सांगण्यासारखा आहे. परंतु ह्या मार्गाने जाणाऱ्या बहुतेकांस आणखी एक गोष्ट अनुभवास येते, आणि तिचा उल्लेख व्याख्यानांत नसतो. ज्याने आपले ताट लहान केले, त्याचे डोळे हळूहळू दुसऱ्याच्या ताटाकडे वळतात. पूर्वी शेजारच्या घरून येणारा तळणाचा वास हा केवळ वास होता. आता तो प्रश्न होतो. ह्यांस तिसऱ्या प्रहरी खाण्याचे कारण काय? इतके केले कशास? उरले ते कोठे गेले? भुकेल्या पोटी मनुष्यास हिशेब फार चांगला येतो, आणि तो हिशेब नेहमी दुसऱ्याच्या नावे मांडला जातो.

सास्तूरसारख्या गावी हे पाहणे टाळताही येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) ह्या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास ८,००० माणसे नेली. सास्तूरचे जुने गाव दगडमातीखाली गेले. जुन्या गावातील घरे जाड भिंतींची व माळवदाची होती. त्या भिंतींनीच माणसे मारली, हे खरे. पण त्या उभ्या होत्या तोवर एका घरातील चूल दुसऱ्या घरास दिसत नसे. पुनर्वसनात ज्यांस जमीन नव्हती किंवा थोडी होती त्यांस २५० चौरस फुटांचे, मधल्यांस ४०० चे व मोठ्या शेतकऱ्यांस ७५० चौरस फुटांचे घर असे माप ठरले. रस्ते सरळ आखले, घरे सुटी बांधली. आता उंबऱ्यात उभे राहिले की चार घरची धुणी, चार घरचे नळ आणि चार घरच्या उकिरड्यावर सकाळी काय पडले ते दिसते. शेजारधर्म सोपा झाला, तसा शेजाऱ्याचा न्याय करणेही सोपे झाले.

आणि दिसते ते खोटे नसते. भाकरीचे तुकडे नालीत पडतात. भाताची भरली पातेली कुत्र्यांपुढे उपडी होतात. लग्नात जो तो ताट घेऊन रांगेत उभा राहतो, सर्व पदार्थ एकदाच वाढून घेतो, निम्मे खातो आणि निम्मे पिंपात टाकतो. पंगतीत वाढपी पुन्हा येईल असा भरवसा असे. उभ्या जेवणात रांग पुन्हा धरावी लागेल ही धास्ती असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली काढलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील ६० टक्के घरांतून गेले. हिंदुस्थानात हा आकडा घरगुती अन्नापुरता माणशी वर्षाला ५५ किलो धरला आहे. ह्यात साली, देठ व हाडे ही न खाण्याची वस्तूही मोजली आहे, हे लक्षात ठेविले पाहिजे. तरीही महिन्याचे माप साडेचार किलोच्या वर जाते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे स्वस्त धान्य दुकानातून सामान्य लाभार्थ्यास महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते. ज्या देशात एका हाताने जेवढे टाकले जाते जवळजवळ तेवढेच दुसऱ्या हाताने मोजून द्यावे लागते, तेथे विचारी मनुष्याच्या मनात संताप उत्पन्न व्हावा, ह्यात वावगे काही नाही.

तेव्हा संताप हा पाप नव्हे. पण त्यात काय काय मिसळले आहे, हे निवडून पाहिले पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थनेस गेलेला जो परूशी आहे, त्याचा उपास खोटा नव्हता. तो आठवड्यातून दोनदा खरोखरच उपाशी राहत असे. त्या उपासाचा त्याने दूर उभ्या असलेल्या जकातदाराची उंची मोजण्यास गज म्हणून उपयोग केला, एवढेच त्याचे चुकले. पौलाने रोम येथील मंडळीस लिहिताना खाणाऱ्याचा व न खाणाऱ्याचा वाद हाती घेतला आहे, आणि त्यात एक बारीक भेद केला आहे. खाणाऱ्यापुढे तुच्छतेचा मोह असतो, असे तो सांगतो. न खाणाऱ्यापुढे न्यायाधीश होऊन बसण्याचा. दोन मोह वेगळे आहेत. जो मनसोक्त खातो तो व्रतस्थास हसतो व विसरतो. जो खात नाही तो हसत नाही. तो मनात टिपून ठेवितो.

आता ज्यांविषयी तो टिपून ठेवितो, ते टाकतात तरी का? ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळजण 'माज' ह्या एका शब्दात देतात. आमचे निरीक्षण वेगळे आहे.

आमच्या ओळखीच्या एक वृद्ध माता आहेत. घरात खाणारी माणसे तीन. पाच भाकऱ्यांत त्यांचे भागावे. त्या नेमाने आठ थापतात. उरलेल्या तीन सकाळी शेळीस जातात किंवा वाळून जातात. सून रागावते, मुलगा हिशेब सांगतो, आणि ज्वारीचा भाव अलीकडे गव्हाच्या वर गेल्यापासून हा हिशेब लहान राहिलेला नाही. आम्ही त्यांस ह्याविषयी विचारिले. त्या म्हणाल्या, "टोपल्यात भाकर नसली की मला झोप लागत न्हाई, बाबा. रातच्याला कुणी आलं तर?" रात्री कोणी येत नाही. परंतु १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे. त्या कामावर सुकडी वाटली जात असे. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी लोकांनी दळून खाल्ली, आणि तिच्या भाकरीची आठवण निघाली म्हणजे म्हातारी माणसे आजही तोंड वाकडे करितात. पुढे १९९३ साली ह्याच बाई घराच्या ढिगाऱ्यापुढे बसून दुसऱ्याने आणून दिलेल्या पुड्यावर दिवस काढीत होत्या. ज्या हातांनी दोनदा रांगेत उभे राहून अन्न घेतले, ते हात पीठ मोजून घेत नाहीत. त्या तीन भाकऱ्या खाण्याकरिता केलेल्याच नसतात. त्या भीतीला घातलेला नैवेद्य आहेत म्हणा, किंवा रात्रीच्या झोपेची किंमत आहेत म्हणा.

इस्राएल लोकांस अरण्यात मान्ना मिळाला तेव्हा तो रोजचा रोज वेचावा अशी आज्ञा होती. काहींनी तो दुसऱ्या दिवसाकरिता राखून ठेविला, आणि त्यात किडे पडले. ह्या लोकांस शास्त्रात उधळे म्हटलेले नाही. ते साठवणारे होते. पण परिणाम उधळेपणाचाच झाला. मिसर देशातील दास्यातून आलेल्या माणसास उद्याची खात्री वाटावी कशी? टाकणे आणि साठविणे ह्या उलट गोष्टी भासतात, परंतु पुष्कळ वेळा त्या एकाच भीतीच्या दोन मुली असतात. लग्नात ताट वाजवीपेक्षा अधिक भरून घेणारा मनुष्यही बहुधा असाच असतो. पुन्हा मिळेल की नाही, हे त्याच्या पूर्वजांनी त्यास शिकविलेले आहे.

आणि येथेच ज्याने स्वेच्छेने दोन जेवणे पत्करली, त्याने आपल्या संयमाकडेही पाहिले पाहिजे. आम्ही सकाळी अकराला जेवितो व सायंकाळी सातपर्यंत काही खात नाही. हे साधते ते सात वाजता जेवण आहे, ह्याची खात्री असल्यामुळे. ऊसतोडीस निघालेल्या बाईस अशी खात्री नसते. ती पहाटे फडात जाते, टोळी बसेल तेव्हा खाते, आणि मधेच मिळाले तर तेही खाते. कारण पुढले कधी मिळेल हे तिच्या हाती नाही. तिला दोन जेवणांचे व्रत सांगणे म्हणजे ज्याने कधी जोडा घातला नाही त्यास अनवाणी चालण्याचे लाभ सांगणे होय. उपास व उपासमार ह्यांत पोट तेवढेच रिकामे असते. एकाचे दार आतून बंद असते व दुसऱ्याचे बाहेरून. आमचा संयम जितका आमच्या निश्चयाचा आहे, तितकाच तो आमच्या भरलेल्या डब्याचा आहे. वृद्ध मातेच्या आठ भाकऱ्या व आमची दोन जेवणे ह्यांत जे अंतर आहे ते उद्याच्या भरवशाचे अंतर आहे. त्यास सद्गुणाचे अंतर समजू नये.

ह्यावर कोणी म्हणेल की, मग टाकणाऱ्यास कोणी काही बोलूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. परंतु बोलण्याची रीत कोणती, हे पाहावयास एक थोर उदाहरण आहे. १९६५ साली धान्याची टंचाई व युद्ध अशी दोन्ही संकटे देशावर आली, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांस सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली. ती करण्यापूर्वी हे आपल्या घरात, मुलाबाळांसह, निभते की नाही हे त्यांनी पाहून घेतले, असे सांगतात. पुष्कळांनी तो नेम पाळिला. ह्यात लक्ष देण्याची गोष्ट अशी की, ज्यांच्या घरी सोमवारी दोन वेळ चूल पेटली त्यांच्या दारावर कोणी खूण केली नाही. दानीएलानेही राजाच्या पंक्तीचे पक्वान्न नाकारून दहा दिवस शाकान्न व पाणी ह्यांवर राहण्याची परवानगी मागितली, ती आपल्या व आपल्या सोबत्यांच्या ताटापुरती. राजाच्या पंक्तीस बसणाऱ्या इतर तरुणांचे ताट उचलून न्या, असे तो म्हणाला नाही.

टाकलेल्या अन्नाविषयी आणखी एक गोष्ट आमच्या मंडळ्यांत बोलली पाहिजे, आणि ती थोडी जड आहे. अन्नाची नासाडी पाहून सुशिक्षित लोक सहज म्हणतात, "टाकता कशास? गरिबास द्या." हे ऐकताना आमच्या वाडवडिलांपैकी कित्येकांचे कान तापले असते. गावोगाव एक काळ असा होता की, वेशीबाहेरच्या घरांतून बाया संध्याकाळी टोपली घेऊन निघत, आणि दिवसभराच्या राबण्याबद्दल उरल्यासुरल्या शिळ्या भाकरी, उष्ट्यासह, त्या टोपलीत वरून टाकल्या जात. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लोकांस मेलेल्या जनावराचे मांस व असले टाकलेले तुकडे खाणे सोडून देण्यास सांगितले. विचार करून पाहावे: ज्यांस अन्नाचीच वाण, त्यांस अन्न नाकारण्याचा उपदेश! देशात आहाराचे पुष्कळ नेम झाले, पण इतका कठीण नेम थोडक्यांनीच पाळिला असेल. तो पाळणाऱ्या घरांत कित्येक रात्री चूल पेटली नसेल. तरी टोपली परत गेली नाही.

म्हणून ज्या घराने एके काळी दुसऱ्याचे उरलेले खाल्ले, त्या घरी आज लग्नात चार पातेली उरली, तर त्या उरण्यास निराळा अर्थ आहे. "आमच्याही मांडवात उरले" हे वाक्य त्या घराच्या तीन पिढ्यांत कोणी उच्चारिले नव्हते. हा अर्थ न समजता त्यांस काटकसरीचे प्रवचन देणारा पाळक त्यांच्या जखमेवर बोट ठेवितो. आम्ही येथे नासाडीचे समर्थन करीत नाही. मराठी भाषेने ह्या कामी आपल्यास तीन वेगळे शब्द दिले आहेत: उरलेले, शिळे आणि उष्टे. ते एक नव्हेत. ताटात जाण्यापूर्वी जे पातेल्यात राहिले ते उरलेले. ते ताजे असतानाच, झाकून, आपण ज्या भांड्यातून जेवलो त्याच भांड्यातून दुसऱ्या घरी पोहोचविता येते, आणि त्यास दान म्हणावे लागत नाही. तो वाटा होतो. दुसऱ्या दिवशी आंबले की ते कोणासच देऊ नये. उष्टे तर जनावरास. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे वेचण्यास प्रभूने शिष्यांस सांगितले व बारा टोपल्या भरल्या, ही कथा काटकसरीच्या उपदेशाकरिता वारंवार वापरली जाते. पण तिच्यातील क्रम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आधी सर्वांस हवे तितके वाढले गेले. ते तृप्त झाले. त्यानंतर वेचण्याची गोष्ट निघाली. भुकेल्या लोकसमुदायापुढे उभे राहून 'जपून खा' असे तेथे कोणी सांगितले नाही.

लग्नातील नासाडीपैकी जेवढी केवळ दिखाव्याची आहे, तिच्याविषयी मात्र वडीलधाऱ्या मंडळींनी स्पष्ट बोलावे. दहा पदार्थ करावयाचे ते खाण्याकरिता नव्हे, तर शेजारच्या गावातील लग्नात आठ होते म्हणून. आणि त्याकरिता सावकाराकडून किंवा बचत गटातून कर्ज काढावयाचे. येथे अन्न वाया जाते ते शेवटी. त्याआधी घर वाया गेलेले असते. बुंदी, भात, वरण आणि वांग्याची भाजी ह्यांवर आमच्या भागात कैक पिढ्यांची लग्ने गोड झाली. पंगत बसवून वाढले तर पानात कमी पडते व पातेल्यात जास्त राहते, हे कोणताही आचारी सांगेल.

आता ज्या अडचणीकरिता सुवार्तिक बंधूंनी आम्हांस मुळात विचारिले, तिकडे वळू. एका बंधूने दोन जेवणांचा नेम आरंभिला. त्याचे काम घरोघर भेटी देण्याचे. खेड्यात भेट म्हणजे चहा. दिवसाकाठी दहा घरे, दहा कप, आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. नेम टिकावा कसा? त्याने चहा नाकारण्यास आरंभ केला. आठ दिवसांत वस्तीत कुजबुज सुरू झाली: "आता आमच्या घरचा चहा चालत नाही."

ही कुजबुज हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या घराच्या ओट्यापर्यंत येऊन पुष्कळ लोक उभ्या उभ्या परत गेले, ज्यांच्या आजोबांस गावातील चहाच्या दुकानी वेगळी कपबशी होती, त्या घरास 'साखर' व 'शिवाशीव' ह्यांतील भेद तोंडी सांगून पटत नाही. नकाराचा शब्द दोहोंस एकच आहे. वैद्याचा नेम पाळणारा आपल्या शरीराचा विचार करितो. ज्याचा कप परत गेला तो आपल्या जातीचा विचार करितो. खाणेपिणे ही केवळ पोटाची बाब असती तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. आपल्या देशात कोण कोणाच्या हातचे घेतो, ह्यावर माणसाची किंमत ठरत आली. म्हणून आहारावरील कोणतेही बंधन येथे पूर्णपणे खाजगी राहू शकत नाही, मग ते कितीही शुद्ध हेतूने घातलेले असो.

आम्ही त्या बंधूस असे सुचविले की, चहा नाकारण्यापूर्वी पाणी मागावे. स्वतः होऊन मागावे, बसून मागावे, आणि त्यांच्या माठातले, त्यांच्या तांब्याने घ्यावे. डॉ. दीक्षितांच्या नेमात पाण्यास बंदी नाही. आणि आपल्या समाजात चहाहून पाणी जुने व मोठे आहे. महाडास झगडा झाला तो चवदार तळ्यातील पाण्याकरिता, हे ध्यानात आणावे. ज्याने घरात बसून पाणी मागून घेतले, त्याने पुढे "साखरेचे दुखणे आहे, मावशी, कोरा करा" असे म्हटले तर त्या घरास वाईट वाटत नाही. मावशी उलट दोन औषधे सांगतात. आणि एखाद्या घरी, जेथे प्रथमच आपले पाऊल पडत आहे व कप आधीच भरून समोर आला आहे, तेथे नेम त्या दिवसापुरता मोडावा. एका कपाने वाढणारी साखर चालण्याने उतरते. परत गेलेला कप त्या घरात कित्येक वर्षे आठवणीत राहतो. पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. मंडळीतील लोकांनी पाळकाच्या किंवा पाहुण्याच्या दुखण्याचा मान राखावा, व आग्रहाने त्याच्या पुढ्यात तिसरा लाडू ढकलू नये. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा प्रकार मानला जातो. मधुमेह्यास तो महाग पडतो.

राहिली पाण्याच्या नासाडीची गोष्ट. भाकर ज्याची त्याच्या घरची असते; पाणी सर्वांचे असते. एकाच्या नळातून रात्रभर वाहिलेले पाणी दुसऱ्याच्या घागरीतून कमी होते, म्हणून येथे 'आपले ताट आपण पाहा' हे तत्त्व लागू पडत नाही, आणि शेजाऱ्यास बोलण्याचा अधिकार शेजाऱ्यास आहे. आमच्या प्रदेशास ह्याची आठवण कोणी करून द्यावयास नको. मांजरा धरण कोरडे पडल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी मिरजेहून लातुरास आली, तेव्हा लोक ती पाहावयास जमले होते. त्याआधी लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. आणि त्याच काळात ह्या प्रदेशात उसाचे फड उभे होते, हेही विसरू नये. शेजारणीच्या सांडलेल्या घागरीवर ओरडणारा मनुष्य पाटाने वाहणाऱ्या पाण्याविषयी पुष्कळदा गप्प असतो, कारण घागरवाली दुबळी असते.

तरीही तक्रार करण्यापूर्वी विचारून पाहावे. आमच्या फिरतीतील एका गावी एका घरचा नळ रात्रभर उघडा वाहतो, म्हणून आजूबाजूची घरे चिडली होती. नळास तोटी बसवावी, एवढाच प्रश्न आहे असे सर्वांस वाटे. घरमालकास भेटून विचारिले तेव्हा त्याने सांगितले की, तोटी घरात आणून ठेविलेली आहे. बसविली नाही ती मुद्दाम. त्या गावी पाणी आठवड्यातून एकदा येते, आणि ते वीज कधी असेल त्यावर अवलंबून असते. कधी दुपारी, कधी पहाटे तीनला. तोटी बंद असली तर पाणी आले हे कळत नाही. नळ उघडा असला व खाली पत्र्याचा डबा ठेविला, तर आवाजाने जाग येते. डबा वाजतो, बाई उठते, भरून घेते, थकून झोपते, आणि नळ वाहत राहतो. सकाळी आणखी एक प्रकार दिसतो: टाकीत आठवडाभर जपून ठेविलेले जुने पाणी अंगणात ओतून दिले जाते, कारण नवे आले आहे. आठ दिवस थेंब थेंब जपलेले पाणी एका क्षणात रस्त्यावर! पाहणारा ह्यास माज म्हणेल. वृद्ध मातेच्या तीन भाकऱ्यांहून हे निराळे नाही.

तोटीवरून भांडण्याऐवजी त्या गल्लीतील लोकांनी एक अर्ज लिहिला आहे. पाणी कमी असले तरी चालेल, पण ते सोडण्याचा वार व वेळ ठरवून फळ्यावर लिहावी, आणि वीज नसल्यास बदललेली वेळ आदल्या सायंकाळी दवंडीने किंवा मोबाईलवरून कळवावी, एवढीच मागणी त्यात आहे. वेळ कळली तर तोटी बसविण्याचे सर्वांनी कबूल केले आहे. अर्जावर पहिली सही ज्याचा नळ वाहतो त्या घरमालकाची आहे, आणि दुसरी त्यास सर्वांत अधिक बोलणाऱ्या शेजाऱ्याची. उत्तर अद्याप यावयाचे आहे.